औषधी बागेतील पाट्या : कोलेस्टेरॉल-गटाच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या औषधी बागेसाठी नव्या पाट्या लिहिण्याचे काम आजच्या सभेत माझ्याकडे आले. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बागेत शिरले, तेव्हा पत्र्याच्या जुन्या पाट्यांपैकी काही वाहून गेल्या आणि उरलेल्या गाळाखाली सापडल्या. त्यांच्यावरील मजकूर गेला याचे मला फारसे दुःख नाही, कारण निम्म्या पाट्यांवर झाडाच्या नावाखाली 'रामबाण' हा एकच शब्द होता आणि तो कशावर रामबाण आहे हे शोधण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर सोडलेली होती. मी एकतीस वर्षे औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता-तपासणीचे काम केले असल्यामुळे मजकुराची छाननी मीच करावी, असे सर्वांना वाटले.

सुरुवात कोलेस्टेरॉलच्या गटापासून करण्याचे ठरले, कारण सकाळच्या फेरीत गुडघ्यांखालोखाल याच विषयावर बोलणे होते. मागणी सात वनस्पतींची आली: गुग्गुळ, अर्जुनसादडा, इसबगोल, लसूण, मेथी, आवळा आणि दारुहळद. प्रत्येक पाटीवर मराठीत जास्तीत जास्त पन्नास शब्द आणि खाली तोच मजकूर गुजरातीत असेल. वनस्पतीचा कोणता भाग वापरतात, माणसांवरील चाचण्यांत काय दिसले आणि कोणी जपून राहावे, एवढ्याच गोष्टी पाटीवर याव्यात अशी अट मी घातली. ती मान्य झाली, मात्र अण्णांनी "मग वाचणार कोण?" असा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेतला.

९ ऑक्टोबर

लिहायला बसण्यापूर्वी मापदंड ठरवणे आवश्यक होते. 'कोलेस्टेरॉल उतरते' या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कोणते कोलेस्टेरॉल, किती टक्के, किती आठवड्यांत आणि कशाच्या तुलनेत, हे कळले तरच वाक्य तपासता येते. मी एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात, तोच आकडा धरणार आहे, कारण रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात साचणारा मेद मुख्यतः त्याच्यातून येतो आणि औषधे देताना डॉक्टर प्रामुख्याने तोच पाहतात. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा तो थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातील मेदाचा पाचवा हिस्सा वजा करून तो काढला जातो. हे सूत्र १९७२ मधील आहे आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते लागू पडत नाही. रात्रीच्या लग्नाच्या जेवणानंतर सकाळी रक्त देणाऱ्या आमच्या सभासदांनी हे लक्षात ठेवावे.

तुलनेसाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकची चाचणी समोर ठेवली आहे. तीत रोसुवास्टॅटिन या स्टॅटिन वर्गातील, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या, औषधाची ५ मिलिग्रॅमची, म्हणजे अगदी कमी मात्रेची गोळी एका बाजूला होती, आणि दुसऱ्या बाजूला मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल व लाल यीस्टचा तांदूळ हे सहा पूरक पदार्थ व एक निष्क्रिय गोळी होती. २८ दिवसांत स्टॅटिनने एलडीएल ३७.९ टक्क्यांनी उतरवले आणि सहांपैकी एकही पदार्थ निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरला नाही. आमच्या बागेतील कोणतीही वनस्पती या आकड्याच्या जवळपास जाईल अशी माझी अपेक्षा नाही. पण पाच-सात टक्के खरोखर उतरत असतील, तर तेही सांगण्याजोगे आहे.

१४ ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस गुग्गुळावर गेला. वाचन इतके रंजक होते की दोन वेळा चहा गार झाला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात स्थूल माणसाचे वर्णन आहे: कफकारक खाणारा, आधीचे पचले नसताना पुन्हा जेवणारा, व्यायाम न करणारा आणि दुपारी झोपणारा. मंडळाच्या सभासदांची यादी समोर ठेवून हे लिहिले असावे, असा संशय यावा इतके ते नेमके आहे. अशा माणसात मेद वाढून मार्ग कोंडतात असे तेथे म्हटले आहे आणि उपायांत गुग्गुळाचे नाव आहे. या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६ चा आहे. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. जुन्या ग्रंथातील एक उतारा हाती घेऊन तो प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचे हे आपल्याकडील फार चांगले उदाहरण आहे, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

त्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळातील ईथाइल ॲसिटेट या द्रावकात विरघळणारा अंश वेगळा काढला, त्यातील गुग्गुलस्टेरोन या घटकाच्या प्रमाणावर औषध प्रमाणित केले आणि १९८० च्या दशकात ते बाजारात आले. १९९४ मध्ये ६१ रुग्णांवर २४ आठवडे चाललेल्या भारतीय चाचणीत एलडीएल साडेबारा टक्क्यांनी उतरल्याचे नोंदले गेले. त्या रुग्णांना फळे व भाज्यांचा आहारही सांगितलेला होता. २००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी यामागची यंत्रणाही मांडली: यकृतातील पेशींत पित्ताम्लांची पातळी ओळखणारा एफएक्सआर नावाचा जो ग्राहक-रेणू असतो, त्याला गुग्गुलस्टेरोन अडवते. कथा पूर्ण झाल्यासारखी वाटत होती.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल पाच टक्क्यांनी उतरले, तर गुग्गुळाची नेहमीची मात्रा घेणाऱ्यांचे चार टक्क्यांनी आणि दुप्पट मात्रा घेणाऱ्यांचे पाच टक्क्यांनी चढले. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. २००९ मध्ये नॉर्वेत ४३ जणांवर झालेल्या चाचणीतही एलडीएल लक्षणीय उतरले नाही. एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण त्याबरोबर एचडीएलही उतरले, आणि ते उतरणे कोणालाच नको असते.

आहार वेगळा, लोक वेगळे, डिंक काढण्याची रीत वेगळी, असे खुलासे दोन्ही बाजूंनी दिले गेले आहेत आणि त्यांतील काही पटण्यासारखे आहेत. परंतु पाटीवर खुलासे लिहायला जागा नसते. दोन्ही निकाल लिहायचे, असे ठरवले.

१९ ऑक्टोबर

मांडवीजवळच्या तीन गांध्यांकडून गुग्गुळाचे नमुने आणले. येथे गुजरातीत काष्ठौषधी विकणाऱ्याला गांधी म्हणतात, हे पुण्याहून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावे लागते. दिवाळी तोंडावर असल्याने धुपासाठी गुग्गुळाला उठाव होता. पहिल्या दुकानदाराने धुपाचा आणि 'खावानो' असे दोन वेगळे डबे दाखवले. दुसऱ्याने एकाच डब्याकडे बोट करून दोन्ही कामांना चालेल असे सांगितले. तिसऱ्याने मला कशाला हवा आहे हे विचारून घेतल्यावरच डबा उघडला. तिसऱ्याबद्दल माझे मत चांगले झाले.

घरी प्रत्येक नमुन्याचे दोन ग्रॅम खडे वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत घेऊन वर गरम पाणी ओतले. पहिला नमुना पाच मिनिटांत मऊ पडला, कडेने विरघळू लागला आणि पाणी पातळ ताकासारखे पांढरट-करडे झाले. तळाशी सालीचे चार कपटे राहिले. तिसराही जवळजवळ तसाच होता. दुसऱ्याचे पाणी मात्र पिवळसर आणि बऱ्यापैकी नितळ राहिले, खडे एकमेकांना चिकटून चिक्कीसारखा गोळा झाला, त्याला राळेचा वास आला आणि तो गोळा काडीने उचलल्यावर पेल्याच्या तळाशी चमचाभर बारीक वाळू दिसली. या चाचणीने खऱ्या गुग्गुळाची ओळख पटत नाही, केवळ खोट्याची शंका येते. निश्चित सांगायचे तर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे घटक वेगळे करून पाहण्याची तपासणी, करावी लागेल आणि ती सोय आता माझ्याकडे नाही. तरीही तीनांपैकी एकात वाळू निघाली, ही गोष्ट मला चाचण्यांच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण 'गुग्गुळ घ्या' असे आपण ज्याला सांगतो त्याच्या हातात यांतील कोणता डबा पडेल हे आपल्याला माहीत नसते.

२७ ऑक्टोबर

आज सुश्रुतातील तोच उतारा पुन्हा, या वेळी अनुवाद बाजूला ठेवून मुळातून वाचला, आणि मागच्या वेळी माझी नजर ज्यावरून घसरली होती ते हाती लागले. गुग्गुळाचे नाव तेथे एकटे आलेले नाही. शिलाजतु (शिलाजित), गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहभस्म, रसांजन, मध, यव, मूग, हरीक, सावा अशी ती लांबलचक मालिका आहे आणि तिच्या शेवटी व्यायाम व लेखनबस्ती, म्हणजे मेद खरवडून काढण्यासाठीचा औषधी एनिमा, आहे.

यव म्हणजे जव. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. ओटमधील याच तंतूचा दिवसाला ३ ग्रॅम आहार कोलेस्टेरॉल उतरवून हृदयविकाराचा धोका कमी करू शकतो, असे वेष्टणावर छापण्याची मुभा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये दिली आणि नंतर ती जवालाही लागू केली. रसांजन म्हणजे दारुहळदीचा काढा आटवून केलेला घन अर्क. त्यातील बर्बेरिन यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढवते, असे २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले, आणि ते स्टॅटिनपेक्षा वेगळ्या मार्गाने घडते. म्हणजे एकाच ओळीतील तीन द्रव्ये आजच्या प्रयोगशाळांनी तपासली. त्यांतील जव सर्वांत निर्विवाद ठरला आणि प्रसिद्धी मात्र गुग्गुळाला मिळाली.

सुश्रुताला कोलेस्टेरॉल माहीत होते, असे मला यातून मुळीच म्हणायचे नाही. तो अंगावरच्या मेदाबद्दल आणि कोंडलेल्या मार्गांबद्दल बोलत आहे, रक्तातील एका रेणूबद्दल नाही. परंतु ती मालिका औषधांच्या कपाटापेक्षा स्वयंपाकघरातील कोठीची जास्त वाटते, आणि आपण तिच्यातून नेमका तोच पदार्थ उचलला ज्याची गोळी करून विकता येते.

बागेत जवाची एक ओळ पेरण्याची सूचना मंडळाकडे पाठवली. येथे एक स्पष्टीकरण करावे लागेल: आपल्या घरांत ज्याला सातूचे पीठ म्हणतात, ते पुष्कळदा भाजलेले गहू आणि डाळवे यांचे असते आणि सातू, म्हणजे जव, त्यात नावापुरताच उरलेला असतो.

दारुहळद यादीतून काढली. ती हिमालयाच्या उंचीवर वाढते, आमच्या गाळात ती जगणार नाही. शिवाय बर्बेरिन गरोदर स्त्रियांनी घ्यायचे नसते, आणि बागेत येणाऱ्या सुनांना ही गोष्ट पन्नास शब्दांत सांगण्यापेक्षा झाडच नसलेले बरे.

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळानंतर अण्णा स्वतःहून भेटायला आले. त्यांना गुग्गुळाच्या पाटीचा मसुदा पसंत नव्हता. बोलता बोलता असे निघाले की ते स्वतः गेले चार महिने गुग्गुळाच्या गोळ्या घेत आहेत, आणि रक्तदाबासाठी त्यांना डिल्टियाझेमही चालू आहे. डॉक्टरांना सांगितले का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, नैसर्गिक वस्तू आहे, त्यात सांगायचे काय?"

सांगायचे ते १९९४ मध्येच छापून आले आहे. निरोगी स्वयंसेवकांना गुग्गुळाच्या अर्काबरोबर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल दिले असता या दोन्ही औषधांची रक्तातील पातळी लक्षणीयरीत्या खाली आली. गोळी रोज वेळेवर घेतली जाते, तरी तिचा पुरता अंश रक्तात पोहोचत नाही, आणि बाहेरून काहीच कळत नाही. अण्णांचा रक्तदाब दिवाळीच्या सुमारास चढला होता आणि त्याचे खापर त्यांनी चकल्यांवर फोडले होते. कारण चकल्याच असतील किंवा नसतील, ते मी ठरवू शकत नाही. मी त्यांना फक्त दोन्ही डब्या घेऊन डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला.

नैसर्गिक आणि रासायनिक या भेदावर आमचा बराच वाद झाला. स्टॅटिन वर्गातील पहिले द्रव्य जपानचे अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात पेनिसिलियम जातीच्या बुरशीत सापडले होते, म्हणजे तेही शिळ्या फळावरील बुरशीच्याच कुळातले आहे, हे मी सांगितले. त्यावर अण्णा म्हणाले, "बुरशी खायची नसते, म्हणूनच ती फेकतात." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

१३ नोव्हेंबर

इसबगोल आणि जव पेरले. इसबगोलाचे बी इतके बारीक असते की हातातून सारखे पडत नाही. आमच्या माळीभाईंनी ते चाळलेल्या वाळूत मिसळून, ओळींत टाकून वरून केवळ खराटा फिरवला. ते मूळचे उत्तर गुजरातचे, मेहसाणा जिल्ह्यातील आहेत, जेथील उंझाची बाजारपेठ जिरे आणि इसबगोल यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरी हे पीक घोडाजिरे म्हणून घेतले जाते, त्यामुळे या वाफ्यात माझे शहाणपण चालणार नाही, हे त्यांनी सौम्यपणे स्पष्ट केले.

इसबगोलाची पाटी लिहिताना मला सर्वांत कमी अडखळावे लागले. बियांवरचे पातळ टरफल पाण्यात फुगून बुळबुळीत होते. हा लगदा आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि ती मलावाटे बाहेर पडतात. नवी पित्ताम्ले घडवण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल लागते, आणि ते यकृत रक्तातील एलडीएलमधून ओढून घेते. दिवसाला सुमारे दहा ग्रॅम भुशी घेतलेल्या अनेक चाचण्यांचा निकाल एकत्र केला असता एलडीएल निष्क्रिय पदार्थाच्या तुलनेत सुमारे सात टक्क्यांनी उतरल्याचे दिसते. ओटनंतर वर्षभराने, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या प्रशासनाने इसबगोलालाही वेष्टणावर तसे लिहिण्याची मुभा दिली. २००५ मधील एका चाचणीत सिम्व्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅम गोळीबरोबर दिवसाला १५ ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांइतकेच उतरले. जी वस्तू प्रत्येक घरात बद्धकोष्ठावर असते आणि जिचे नाव पाहुण्यांसमोर घेत नाहीत, तिच्या बाजूने एवढा पुरावा आहे.

सावधगिरीच्या ओळी मात्र ठळक हव्यात. भुशी भरपूर पाण्याबरोबरच घ्यावी, अन्यथा ती घशातच फुगू शकते. आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण ज्या लगद्यात पित्ताम्ले अडकतात त्यात गोळ्याही अडकू शकतात. हे दाखवण्यासाठी मंडळाच्या कार्यालयात चमचाभर भुशी अर्धा पेला पाण्यात टाकून ठेवली. दहा मिनिटांनी पेला उलटा केला, तरी आतले काही पडले नाही. पाटीपेक्षा हा पेला जास्त लोकांच्या लक्षात राहिला.

११ डिसेंबर

सप्टेंबरमध्ये रोपवाटिकेतून आणलेले गुग्गुळाचे रोप पूर्ण निष्पर्ण झाले आहे. हे अपेक्षितच होते. कोरड्या ऋतूत हे झुडूप पाने गाळते आणि महिनोन्महिने काटेरी काड्यांच्या रूपात उभे राहते. कच्छ, राजस्थान आणि चंबळच्या बीहडांतील रेताड, खडकाळ जमीन हे त्याचे घर आहे. आमच्या काळ्या मातीत पाणी धरून राहते म्हणून मी त्यासाठी वाळू आणि विटांच्या चुऱ्याचा दीड फुटांचा उंचवटा करून घेतला होता.

सुट्टीवर गेलेल्या माळीभाईंच्या जागी पाणी घालण्याची पाळी सभासदांनी वाटून घेतली होती. पाने गळलेली पाहून प्रत्येकाला दया आली आणि प्रत्येकाने त्याला बादलीभर पाणी घातले. पाळीच्या तक्त्यात गुग्गुळापुढे 'पाणी नको' असे लिहिण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नव्हते. परत आल्यावर माळीभाई एवढेच म्हणाले, "बेन, आने बहु पाणी ना अपाय." म्हणजे, याला फार पाणी द्यायचे नसते.

५ जानेवारी २०२५

अर्जुनसादड्याची पाटी पुरी केली. बागेच्या कुंपणालगतचा हा वृक्ष मंडळापेक्षा जुना आहे आणि पुराने त्याचे काही बिघडले नाही. नदीनाल्यांच्या काठावरच तो वाढतो. त्याची गुळगुळीत, फिकट करडी साल हृदयरोगावर वापरण्याची रीत आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार वाग्भट याच्या काळापासून सांगितली जाते. कोलेस्टेरॉलसाठी २००१ मधील एक भारतीय चाचणी हाती आहे: हृदयविकाराच्या १०५ रुग्णांचे तीन गट, एका गटाला रोज ५०० मिलिग्रॅम सालीचे चूर्ण, मुदत ३० दिवस. त्या गटाचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी ९.७ टक्क्यांनी आणि एलडीएल १५.८ टक्क्यांनी उतरले. आकडा चांगला आहे. परंतु गट ३५ जणांचा, मुदत महिन्याची आणि व्यक्तिगणिक फरक फार मोठा. 'आशादायक, पण पुरेसे तपासलेले नाही' हे शब्द मी लिहिले आणि ते अपुरे वाटत असूनही बदलले नाहीत.

सालीचा दुधातील क्षीरपाक घेणाऱ्या काकूंनी दूध कोणते वापरावे असे विचारले. साय काढलेले, असे मी सांगितले. म्हशीच्या पूर्ण दुधात काढा करून कोलेस्टेरॉल उतरवू पाहणे म्हणजे एका हाताने पुसून दुसऱ्या हाताने सांडणे आहे.

१२ जानेवारी

लसूण, मेथी आणि आवळा एकाच बैठकीत संपवले.

लसणाच्या बाबतीत स्टॅनफर्ड विद्यापीठाची २००७ ची चाचणी निर्णायक वाटते: १९२ जण, सहा महिने, कच्चा लसूण आणि दोन प्रकारच्या गोळ्या, एलडीएलमध्ये फरक नाही. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या चाचणीत तर लसणाच्या गटाचे एलडीएल निष्क्रिय गोळीच्या तुलनेत ७.८ टक्क्यांनी जास्त निघाले. पाटीवर 'चवीसाठी उत्तम' असे लिहिण्याचा मोह आवरला. मेथीच्या दाण्यांत गॅलॅक्टोमॅनन हा विद्राव्य तंतू भरपूर असतो, त्यामुळे तिचे काम इसबगोलाच्याच वाटेने होते. फक्त चाचण्यांत वापरलेली मात्रा फोडणीतील चिमटीच्या अनेक पट असते आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर तिने अधिक खाली जाऊ शकते. आवळ्याला या गटातून काढून जीवनसत्त्व क च्या गटात पाठवले, तेथे त्याचा मान निर्विवाद आहे.

१९ जानेवारी

उत्तरायणाचा मांजा अर्जुनाच्या फांद्यांवरून काढून घेण्यात सकाळ गेली. त्यानंतर गुग्गुळाकडे वळले. त्याच्या खोडावरील कागदासारखा चकचकीत पापुद्रा सोलला की खाली हिरवी त्वचा दिसावी लागते. वरच्या फांदीवर नखाने ओरखडा काढला, तर तपकिरी. मधल्या फांदीवर, तपकिरी. जमिनीलगत पापुद्रा आपोआप निघाला, आतला भाग बोटाला ओला आणि मऊ लागला आणि त्याला डिंकाचा नव्हे, कुजल्याचा वास आला. रोप गेले.

पाटीत एक वाक्य वाढवावे लागेल, आणि ते आमच्या बादल्यांबद्दल नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. झुडूप डिंक देण्याजोगे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. सालीला हलक्या चिरा देऊन थोडा डिंक घेतला तर ते जगते. परंतु उत्पन्न वाढवण्यासाठी खोल घाव घालून त्यावर रसायनांचा लेप लावला की एका हंगामात भरपूर डिंक मिळतो आणि झुडूप मरते. ज्या औषधाचे निकाल परस्परविरोधी आहेत, त्याच्यासाठी हे चालले आहे.

२ फेब्रुवारी

ही नोंद खासगी आहे आणि पाटीसाठी नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपासून मी स्वतः रोज दोन वेळा पाच-पाच ग्रॅम इसबगोल घेत आहे. आधीचे आकडे: एकूण २२६, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १६०, म्हणजे एलडीएल १४८. कालचे: एकूण २१४, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १५५, म्हणजे एलडीएल १३८. घट सात टक्क्यांच्या आतबाहेर आहे, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. आनंद झाला, आणि लगेच कारखान्यातील सवयीने शंकाही आली: काहीही न करता एकाच माणसाचा आकडा दोन तपासण्यांत एवढा हलू शकतो, आणि मी या दोन महिन्यांत फरसाणही कमी केले होते. अण्णांनी हेच आकडे पाटीवर लावण्याचा प्रस्ताव मांडला. मी नकार दिला. त्यांच्या गुग्गुळाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत, हे त्यांनी जाता जाता, दाराशी चपला घालताना सांगितले.

१६ मार्च

इसबगोलाची काढणी झाली. गेला आठवडाभर आकाशाकडे पाहत होतो, कारण पक्व ओंब्यांवर एक सर पडली तरी टरफले फुगतात आणि बी गळून जाते. माळीभाईंनी उजाडताच कापणीला सुरुवात केली. ऊन चढल्यावर कोरड्या ओंब्या हात लावताच झडतात. दवाने ओल्या झालेल्या एका ओंबीतील दाणे मी चिमटीत घेतले, तर ते माशाच्या खवल्यांसारखे बोटांतून निसटले. झोडपून आणि पाखडून चारशे ग्रॅमच्या आसपास बी निघाले. टरफल वेगळे करण्यासाठी दगडी जात्याच्या पाळ्यांतील अंतर फार नेमके लागते, ते आमच्या आवाक्यातले नव्हे. बी पुढच्या वर्षासाठी ठेवले.

२३ मार्च

पेंटरकडून सहा पाट्या आल्या. पाचांत चूक नव्हती. गुग्गुळाच्या पाटीवर 'मेदोरोग' या शब्दाचा 'मेंदूरोग' झाला होता, तो त्याने तेथेच बसून रॉकेलच्या बोळ्याने पुसून दुरुस्त केला. आता तिच्यावर असे आहे: 'गुग्गुळ. भाग: सालीतून स्रवणारा डिंक. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर उल्लेख. कोलेस्टेरॉलसाठी १९९४ च्या भारतीय चाचणीत उपयोग दिसला, २००३ च्या अमेरिकी चाचणीत दिसला नाही. हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. निसर्गातील झुडपे संपत आली आहेत.'

ही पाटी आज वाळूच्या रिकाम्या उंचवट्यावर लावली. फाटे कलमे लावण्याचा हंगाम पावसाच्या सुरुवातीला, जूनमध्ये येईल. तोपर्यंत लोक झाड कोठे आहे असे विचारणार, म्हणून पाटीच्या खालच्या कोपऱ्यात 'कलम जूनमध्ये' असे खडूने लिहिले आहे, आणि पाणी घालण्याच्या तक्त्यात तिच्यापुढे लाल शाईने दोन शब्द.